पोरगं चोरून खातं, म्हणजे आमचं वळण कमी पडलं का?

मानेवाड्याकडून आलेल्या एका आईनं बसता बसताच विचारलं, "मॅडम, हा घरात चोऱ्या करून राहिला. आम्हीच वळण लावायला कमी पडलो का?" मुलगा नऊ वर्षांचा. रात्री उठून कच्ची कणीक खायचा, शाळेत दुसऱ्यांच्या डब्यात हात घालायचा, अडवलं की अंगावर धावून यायचा. हातावरच्या खपल्या उकरून जखमा केलेल्या. आजीचं म्हणणं, "लाडानं डोक्यावर बसवला." बाबांचा हातही उठायला लागला होता.

फाइलमध्ये जनुकीय तपासणीचा रिपोर्ट होता: प्रॅडर-विली सिंड्रोम. पण त्या नावाचा आणि या 'चोऱ्यां'चा काही संबंध आहे, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

१९५६ साली स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी या सिंड्रोमचं वर्णन केलं. १५ व्या गुणसूत्राच्या एका भागातली, वडिलांकडून यायची जनुकं यात काम करत नाहीत. बहुतेक वेळा तो निव्वळ योगायोग असतो, आईबाबांच्या हातून काही चुकलेलं नसतं. तान्हेपणी ही बाळं इतकी लुळी असतात की दूधही ओढता येत नाही; या आईनं चमच्यानं पाजलं होतं. काही वर्षांनी सगळं उलटं होतं. पोट भरल्याची जाणीव मेंदूला होतच नाही, आणि शरीराला कॅलरी मात्र इतर मुलांपेक्षा कमी लागतात. जेवून उठल्यावरही जो खरोखर उपाशी आहे, त्याला "मन मार" सांगून काय होणार?

म्हणून मी स्वयंपाकघराला कुलूप लावा म्हटलं. आई रडायलाच लागली. "पोटच्या पोरापासून अन्न कुलपात ठेवू?" मला तिचं दुःख कळत होतं, तरी मी ठाम राहिले. फ्रिज उघडा असला की हे पोर दिवसभर त्याच्याशीच झुंजत असतं. काय, कधी, किती मिळणार हे पक्कं असलं आणि मध्ये काहीच मिळणार नाही हेही तितकंच पक्कं असलं, की त्याच्या जिवाला स्वस्थता मिळते. मात्र ठरलेली वेळ मोठ्यांनीही चुकवायची नाही. भिंतीवर जेवणाच्या वेळांची चित्रं लावली. शाळेत बाईंनी सगळ्याच मुलांचे डबे कपाटात ठेवायला सुरुवात केली.

तेवढ्यात तान्हा पोळा आला. लाकडी बैल घेऊन घरोघर जायचं आणि प्रत्येक दारात खाऊ! आई म्हणाली, यंदा घरीच ठेवते. मला ते पटलं नाही. ती आधी शेजारी फिरून सांगून आली, याला बोजारा, म्हणजे पोळ्याची भेट, म्हणून फक्त नाणं द्या. एका काकूंनी विसरून चिवडा पुढे केला. आईनं तो परत केला, तसा पोरगा रस्त्यात बसून किंचाळायला लागला. लोक बघत होते. ती ना रागावली, ना समजावत बसली. बाजूला उभी राहून फक्त एवढंच म्हणत राहिली, "आता पुढचं घर." बऱ्याच वेळानं तो उठला आणि बैल ओढत पुढच्या दारी गेला. आधी अशा वेळी मारत घरी आणलं असतं.

खपल्या उकरणं अजून थांबलेलं नाही. हाताला सतत काम दिलं की कमी होतं. वेळापत्रक अचानक बदललं की आरडाओरडा होतोच, म्हणून बदल आधी सांगावा लागतो.

इतर सिंड्रोममध्येही वागण्यामागे सिंड्रोमच आहे का, हे बघावं. स्मिथ-मॅजेनिस या दुसऱ्या जनुकीय सिंड्रोममध्ये मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक दिवसा वाढतं, म्हणून मूल रात्री जागतं आणि घरच्यांना तो खट्याळपणा वाटतो. रिपोर्टवर नाव असेल तर जनुकतज्ज्ञांना स्पष्ट विचारा, यात वागणुकीचं काय येतं?

प्रॅडर-विलीच्या घरांना आणखी एक सांगते. या मुलांना दुखणं कमी जाणवतं आणि उलटी सहसा होत नाही. असं मूल जेवण नाकारू लागलं, उलटी झाली किंवा पोट फुगलं, तर वाट न बघता लगेच दवाखान्यात न्या आणि सिंड्रोमचं नाव आधी सांगा.