सत्तरीच्या पुढचं आयुष्मान कार्ड: माणूस हिंडता-फिरता आहे तोवर काढून घ्या

ताई, तुमचे सासरे ७८ वर्षांचे, सासूबाई ७२ च्या, दोघं साताऱ्याकडे गावी असतात. रेशनकार्ड पांढरं आणि सासऱ्यांना मधुमेह, म्हणून आयुष्मान कार्ड मिळणार नाही असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. मिळतं, आणि दोघांनाही मिळतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे रुग्णालयात भरती झाल्यावर उपचाराचा खर्च उचलणारं सरकारी कार्ड, सुरू झालंय. त्याला उत्पन्नाची अट नाही. जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात, खासगी पॉलिसीसारखं थांबावं लागत नाही.

गेल्या वर्षभरात मी आईचं आणि आमच्या आळीतल्या सात-आठ जणांची कार्डं काढली. पात्रतेवरून कुणाचं अडलं नाही, सगळं अडलं ते आधारवर. त्यामुळे आज संध्याकाळीच गावी फोन करा आणि दोघांची आधार कार्डं समोर ठेवून वाचून घ्या.

आधी जन्मतारीख बघा. आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच टाकलेली. माझी मावशी घरच्या हिशेबाने ७३ ची, आधारवर ६८. कार्डासाठी आधारवरचंच वय धरतात, त्यामुळे तिला थांबावं लागलं. आधारवरची तारीख दुरुस्त करता येते, पण पुरावा लागतो आणि ही संधी साधारण एकदाच मिळते. म्हणून घाईत अर्ज करू नका.

मग मोबाइल नंबर. जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला असेल तर ओटीपी येणार कुठे? पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमन घरी येऊन नंबर बदलून देतात, गावच्या पोस्टात चौकशी करा.

ओटीपी जमला नाही तर बोटांचे ठसे. आईच्या वेळी हेच झालं. कार्ड काढायच्या केंद्रातल्या मुलाने चार वेळा बोट ठेवायला लावलं, ओल्या फडक्याने पुसून घेतलं, दुसऱ्या हाताचा अंगठा घेऊन पाहिला. यंत्र काही घेईना. आईने हात पदराखाली ओढून घेतला आणि हळूच म्हणाली, "भांडी घासून घासून रेघाच राहिल्या नाहीत रे." मला फार वाईट वाटलं. शेवटी चेहऱ्यावरून पडताळणी करायची ठरली. तिला दारातल्या उजेडात बसवलं, चष्मा काढला, डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली आणि दुसऱ्या खेपेला झालं. म्हणून सांगतो, ठशांवर वेळ घालवू नका, सरळ चेहऱ्याची पडताळणी मागा.

बाकी अर्ज सोपा आहे. आयुष्मान ॲपवरून तुम्हीही करू शकता, फक्त थेट फोटो लागतो, म्हणजे त्या वेळी ते समोर हवेत. पुढच्या फेरीत गावी जाल तेव्हाच करा. दोघांची नोंदणी वेगवेगळी करायची. नोंदणीला शेवटची तारीख नाही, पण दवाखान्यात दाखल झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आत्ता केलेलं कधीही बरं.

रकमेबद्दल गैरसमज नको. वर्षाला ५ लाख हे दोघांत मिळून आहेत, प्रत्येकी नाहीत. घरातल्या सत्तरीखालच्यांना आधीपासून आयुष्मानचं संरक्षण असेल, तर त्यांच्या रकमेला धक्का लागत नाही. योजनेतल्या रुग्णालयात भरती झालं तरच पैसे मिळतात. महिन्याच्या गोळ्या, बाहेरून केलेली नेहमीची तपासणी यांना हे कार्ड चालत नाही, म्हणून तुमची ३ लाखांची खासगी पॉलिसी बंद करू नका. दोन्ही एकत्र चालतात.

सैन्यातून निवृत्त झालेल्यांचं मात्र वेगळं आहे. आमच्या शेजारच्या काकांना ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे. अशांना ते किंवा आयुष्मान यातलं एकच निवडावं लागतं आणि निवड एकदाच करायची असते. काकांना मी कार्ड काढू दिलं नाही, कारण त्यांना पॉलिक्लिनिकमधून दर महिन्याची औषधं मिळतात. ती सोडून इकडे येण्यात त्यांचा तोटाच होता. सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना असलेल्यांनाही हाच नियम.

भरतीच्या वेळी आधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला गाठा. रुग्णालय योजनेत आहे का आणि सासऱ्यांचा नेमका उपचार तिथे योजनेत बसतो का, हे दोन्ही विचारा, कारण पाटी लावलेल्या ठिकाणीही प्रत्येक विभाग योजनेत असेलच असं नाही. आईच्या वेळी एका ठिकाणी आधी अनामत भरायला सांगितली. मी काउंटरवर उभा राहूनच योजनेच्या हेल्पलाइनला, १४५५५ ला फोन लावला, तक्रार नोंदवली आणि नंबर कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवला. अर्ध्या तासात मंजुरीसाठी कागद वर गेले, अनामतीचं नाव पुन्हा निघालं नाही.

दोघांच्या आधारवर जन्मतारीख काय निघते ते इथे कळवा. तारखेत घोळ असेल तर कुठला पुरावा चालेल ते बघू. आधार नंबर मात्र इथे टाकू नका.