‘किती खर्च येईल?’ असं विचारणारा मुलगा

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या अनेकांचं वाक्य थोड्याफार फरकाने एकच असतं. “मॅडम, आपलं माणूस आत तळमळत होतं आणि माझ्या डोक्यात पैशांचा हिशेब चालू होता.” कधी ते वडिलांबद्दल असतं, कधी नवऱ्याबद्दल, एकदा तर तापात झटका आलेल्या लहान मुलीबद्दल होतं. बोलणारी माणसं कंजूष नसतात. घरच्यांसाठी काय करू नि काय नको असं ज्यांना होतं, तीच हे सांगतात. तेही थेट नाही. झोप लागत नाही, चिडचिड होते, घरात पटत नाही अशा भलत्याच तक्रारीने सुरुवात होते आणि बऱ्याच भेटींनंतर गाडी कॅज्युअल्टीच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागाच्या, दाराशी येऊन थांबते.

सुहासची गोष्ट त्यांपैकी बहुतेकांना आपलीच वाटेल. नाव आणि ओळख पटण्यासारखे तपशील अर्थातच बदलले आहेत. वय चाळिशीच्या आत, एका पतसंस्थेत कर्जविभागात कारकून, पगार अठ्ठावीस हजार. त्याला बायको घेऊन आली होती. तिचं म्हणणं असं की सासूबाईंच्या तब्येतीपायी यांनी घर डोक्यावर घेतलंय. दर तीन महिन्यांनी सगळ्या तपासण्या, महागड्या पावडरींचे डबे, घरात ऑक्सिजनचं यंत्र. सासूबाई ठणठणीत, तरी रात्री दोनदा उठून त्यांचा श्वास चालू आहे का ते बघतात. हे सगळं पर्सनल लोन काढून चाललं होतं आणि तिला ते पहिला हप्ता कापला गेल्यावर कळलं.

सुहास गप्प होता. त्याची रात्र बाहेर यायला वेळ लागला.

वर्षभरापूर्वी रात्री आईला छातीत जड वाटायला लागलं, घाम फुटला. रिक्षाने जवळच्या खाजगी हॉस्पिटलात नेलं. तिथे चाळीस हजार डिपॉझिट भरा म्हणाले. खात्यात अकरा हजार. आई तिथेच स्ट्रेचरवर. आणि सुहासने काउंटरवरच्या माणसाला विचारलं, “टोटल किती खर्च येईल? सरकारीत नेलं तर चालेल का?” त्यानंतर आई तीन-चार तास कॅज्युअल्टीतच पडून होती. सकाळी अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी) झाली, स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसला, पाचव्या दिवशी घरी आली. पण सुहासच्या लेखी हिशेब पक्का होता. मी पैशांची चौकशी केली, म्हणून त्यांनी आईला लटकवून ठेवलं. आणि आईने ते ऐकलं.

मी त्याला फाइल आणायला सांगितली. असं मी नेहमी करते. अपराधीपणा आठवणींवर पोसला जातो, आणि कागदावर वेळा लिहिलेल्या असतात. एका फिजिशियन मैत्रिणीने कागद वाचून दिले. आई आत गेल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी काढलेला होता, म्हणजे डिपॉझिटचं बोलणं होण्याच्या आधीच. गोळ्या दिलेल्या होत्या. ट्रोपोनिन नावाची, हृदयाला इजा झाली आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी झाली होती, ती सीमेवर आली. अशा वेळी ठरावीक तासांनी तीच तपासणी पुन्हा करतात आणि आकडा वाढतोय का ते बघतात. सुहास ज्याला ‘लटकवून ठेवलं’ म्हणत होता, ती त्या दुसऱ्या तपासणीची वाट होती. मॉनिटर लावून, दर अर्ध्या तासाने बीपी घेऊन. त्या प्रकारच्या हृदयविकाराच्या झटक्यात अँजिओग्राफी सकाळी करणं हेही नियमाला धरूनच होतं.

हे त्या रात्री त्याला कुणी सांगितलं नाही, ही मात्र हॉस्पिटलची कसूर. कॅज्युअल्टीत क्रम आल्याच्या वेळेवर लागत नाही, कुणाच्या जिवाला किती धोका आहे यावर लागतो. समोरून अपघाताचा पेशंट आत गेला की आपल्याला वाटतं, त्यांची ओळख असेल किंवा त्यांनी पैसे भरले असतील. एवढं एक वाक्य नर्सने बोललं तर माझ्याकडची गर्दी थोडी कमी होईल.

फाइल वाचून सुहास मोकळा झाला. पुढचे दोन आठवडे झोपलाही. मग परत आला. “मॅडम, उशीर झाला नाही हे पटलं. पण आईने ऐकलं ना? तिला काय वाटलं असेल?”

हे होणार हे मला अपेक्षित होतं. पुराव्याने एक आरोप फेटाळला की मन दुसरा दाखल करतं, कारण आरोपीला सोडायचंच नसतं. इथे पुष्कळ जण सांगतील की आईलाच बोलावून विचारा. बायकोही तेच म्हणत होती. मी थांबवलं. मी मानसोपचाराच्या ज्या विवेकनिष्ठ परंपरेत शिकले तिथे सर्वांत वाईट शक्यता आधी खरी धरायची आणि मग तिच्याकडे बघायचं अशी रीत आहे.

“समजा, आईंनी ऐकलं. समजा, त्यांना लागलंही. मग?”

“मग काय, संपलंच.”

“काय संपलं?”

“मुलगा म्हणून मी संपलो.”

“पतसंस्थेत आईच्या ऑपरेशनसाठी कर्ज मागायला कुणी येतं?”

“येतात की. दर महिन्याला.”

“व्याज किती, हप्ता किती, विचारतात?”

“विचारतातच. जो विचारत नाही त्याची मला धास्ती वाटते. तो हमखास थकतो.”

“मग जो विचारतो, त्याचं आईवर प्रेम कमी?”

तो जरासा हसला. “माझं वेगळं आहे. आमच्या घरात असं विचारत नाहीत.”

“कोण विचारत नाही?”

“अण्णा.”

आणि मग बोलण्यात अण्णा आले, म्हणजे सुहासचे वडील. सुहासच्या आजीला कॅन्सर झाला तेव्हा अण्णांनी दीड एकर विकून तिला मुंबईला नेलं होतं. डॉक्टरांना एका शब्दाने विचारलं नाही, किती लागतील म्हणून. ही गोष्ट त्यांच्या घरात लग्नाकार्यात सांगितली जाते. सुहासही ती कौतुकानेच सांगत होता. मी सहज विचारलं, तेव्हा तुम्ही काय करत होतात?

“डिप्लोमाला होतो. दुसऱ्या वर्षाला.”

“फी?”

“भरता आली नाही. सोडला मी. मग पतसंस्थेत शिपाई म्हणून लागलो.”

पुढे बराच वेळ कुणी बोललं नाही. बाहेर कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, तो पीं-पीं आवाज संपेपर्यंत आम्ही दोघं बसून राहिलो. मग तो अगदी कारकुनी सुरात, वहीतली नोंद वाचावी तसं म्हणाला, “म्हणजे अण्णांनी न विचारलेला आकडा मी भरला.”

हे वाक्य मी सुचवलेलं नव्हतं. मी सुचवलं असतं तर त्याने मान हलवली असती आणि घरी जाऊन ऑक्सिजनचं यंत्र पुसून ठेवलं असतं. समुपदेशकाचं काम प्रश्न योग्य जागी ठेवून गप्प बसण्याचं आहे, आणि गप्प बसणं हे त्यातलं अवघड काम. इतक्या वर्षांनी ते मला बऱ्यापैकी जमतं.

त्या दिवशी जे मला स्पष्ट दिसलं ते मी नंतर अनेकांच्या बाबतीत पडताळून पाहिलं. आपल्याकडे प्रेम आणि हिशेब यांना सवती मानलं आहे. ‘पैसा काय, परत मिळवता येईल’ हे वाक्य कॅज्युअल्टीच्या बाहेर जमलेल्या नातेवाइकांपैकी सहसा तो म्हणतो, ज्याला ते मिळवायचे नसतात. ज्याला फेडायचे आहेत त्याच्या डोक्यात आकडा येणारच. तो येऊ नये हा हट्ट आहे, आणि आला म्हणून आयुष्यभर दंड भरणं हा त्या हट्टाचा हप्ता. सुहास दर तीन महिन्यांनी लॅबमध्ये तोच भरत होता.

पुढच्या काही भेटींत अण्णांवरचा राग निघाला. तोही निघू दिला. मग हळूहळू बसलाही. अण्णांनी केलं ते त्यांच्या परीने प्रेमच होतं. फक्त प्रेम करायची तेवढी एकच पद्धत असते असं नाही.

आईंना यानंतर बोलावलं. त्या रात्रीचं काय आठवतं असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “मला कुठलं काय ऐकू येतंय त्या वेळी! दूध गॅसवर ठेवलेलं, ते सुनेनं उतरवलं का नाही, तेवढंच डोक्यात.” मग माझ्याकडे वळून, “पण ताई, याला एक सांगा. माझं रक्त काढणं कमी कर म्हणावं. हाताला शीर सापडेना आता.” सुहास खूप हसला. हेच उत्तर त्याला पहिल्या आठवड्यात मिळालं असतं, तर चार दिवस बरं वाटून पाचव्या दिवशी तो म्हणाला असता की आई माझं मन राखायला असं म्हणते. आता त्याला त्या निकालाची गरज उरली नव्हती, म्हणून त्यातली गंमत कळली.

हे वाचणाऱ्यांपैकी काही जण अशाच एखाद्या रात्रीचं ओझं वाहत असतील, काहींची ती रात्र पुढे येईल. दोघांनाही माझं सांगणं आहे की विचारा. फक्त कुठे आणि कुणी, हे ठरवा. शक्य असेल तर एकाने पेशंटजवळ थांबावं आणि दुसऱ्याने काउंटर सांभाळावा. पैशांचं बोलणं स्ट्रेचरजवळ नको. डॉक्टरांना ‘काय वाटेल ते करा’ म्हणण्याऐवजी ‘आमची ऐपत एवढी आहे, यात कोणते मार्ग आहेत, आत्ता काय लागेल आणि उद्यावर काय टाकता येईल’ असं विचारलं तर चांगले डॉक्टर चिडत नाहीत, उलट त्यांचं काम सोपं होतं. आणि वाट बघावी लागत असेल तर ‘अजून किती वेळ?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. ‘आपण आत्ता कशासाठी थांबलोय?’ असं विचारा. रिपोर्टसाठी, बेडसाठी की मोठ्या डॉक्टरांसाठी, एवढं कळलं तरी घालमेल निम्मी होते. थांबलेलं असताना त्रास वाढला तर मात्र संकोच न करता ओरडून सांगा. क्रम बदलण्याचं ते सर्वांत रास्त कारण आहे.

हक्कांची माहिती हाही मनाचा आधार असतो, म्हणून ती इथेच देते. जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आणि कागदोपत्री सोपस्कार नंतर, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात दिला आहे. महाराष्ट्रातल्या नर्सिंग होमसंबंधीच्या २०२१ च्या नियमांनुसार गंभीर अवस्थेत आलेल्या पेशंटकडे आगाऊ रकमेचा आग्रह धरता येत नाही. रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावणंही बंधनकारक आहे. बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही. धर्मादाय हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेप्रमाणे. वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर उपचार मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर सवलतीत. अठ्ठावीस हजार पगाराचा सुहास यात बसत होता आणि त्याला पत्ताच नव्हता.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि आता कोणत्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं. योजनेतल्या हॉस्पिटलात ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस असतो, त्याला शोधा. हेल्पलाइनचा नंबर १५५३८८. ज्यांची मेडिक्लेम पॉलिसी आहे त्यांच्यासाठी २०२४ पासून नियम असा आहे की कॅशलेसच्या, म्हणजे बिल परस्पर भरण्याच्या, विनंतीवर विमा कंपनीने तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा. हे माहीत असलं की टीपीए डेस्कपुढे, म्हणजे हॉस्पिटलातल्या विम्याच्या खिडकीपुढे, उभं राहताना आवाज आपोआप खाली येतो आणि बोलणं मुद्द्याचं होतं. नियम आहेत म्हणून सगळीकडे पाळले जातात असं मी म्हणणार नाही. पण काउंटरवर शांतपणे ‘लेखी द्या’ म्हणणाऱ्या माणसाशी वेगळं बोललं जातं, हे माझ्याकडच्या अनेकांनी अनुभवलंय.

आता सुहासच्या त्या रात्रीतला एक भाग, जो तो स्वतःच सांगायचं विसरला होता. त्याने ‘टोटल किती’ असं विचारल्यावर काउंटरवरचा माणूस म्हणाला होता, रेशनकार्ड आहे का, योजनेत बसतंय का बघा, सकाळी आरोग्यमित्र येईल. आईचा स्टेंट योजनेतून बसला. चाळीस हजारांचं डिपॉझिट भरावंच लागलं नाही. ज्या प्रश्नासाठी वर्षभर तो स्वतःला शिक्षा करत होता, त्याच प्रश्नामुळे हे झालं होतं, आणि नंतर काढलेलं कर्ज होतं ते शिक्षेपायी. त्याच्या बायकोच्या हे आधीच लक्षात आलं होतं. ती म्हणाली, “मी सांगितलं असतं तर भांडण झालं असतं.” खरं आहे.

आईच्या तपासण्या आता डॉक्टर सांगतील तेवढ्याच होतात. ऑक्सिजनचं यंत्र विकलं, अर्थात निम्म्या किमतीत. आपण ते सगळं काउंटरवर मोठ्याने बोललो, बाजूला जाऊन बोलायला हवं होतं, याची खंत सुहासला अजून आहे. ती मी काढायला गेले नाही. तेवढी खंत माणसाला झोपू देते.

यापुढे दोन महिन्यांतून एकदा भेटायचं ठरलं, तेव्हा उठता उठता त्याने विचारलं, “मॅडम, एवढ्या अंतराने येणार तर फी तीच का? काही कमी होईल?”

“नाही होणार,” मी म्हटलं, आणि का नाही ते त्याला समजावून सांगितलं. त्याने खिशातून फोन काढून वर्षाचा आकडा मांडला, परवडतंय म्हणाला, आणि पुढची तारीख घेतली.