स्टेडियम भरलेलं, तरी क्लब तोट्यात कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फातोर्ड्याला एफसी गोवाचा सामना पाहिला, स्टँड गच्च भरला होता, सामना टीव्हीवरही लागला होता, तरी आपले क्लब तोट्यात असल्याचं वाचायला मिळतं, मग युरोपातले क्लब याच दोन गोष्टींतून एवढा पैसा काढतात कसा?

मी मडगावात हिशेबनिसाचं काम करतो आणि फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या स्पर्धेचा गल्लाही सांभाळतो. तेव्हा आधी तिकिटांचं बोलतो.

लीगच्या सामन्यात गल्ला यजमान क्लबाचा, पाहुण्या संघाला त्यातलं काही मिळत नाही. इंग्लंडमध्ये १९८३ पर्यंत पाहुण्यांना वाटा द्यावा लागायचा, तो पुढे बंद झाला. आता फातोर्ड्याचं गणित मांडू. जागा साधारण १९ हजार. समजा १५ हजार लोक आले आणि सरासरी तिकीट २०० रुपयांचं धरलं, तर एका सामन्याचे ३० लाख होतात. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये, म्हणजे देशातल्या वरच्या इंडियन सुपर लीगमध्ये, १३ संघ होते, म्हणजे घरचे सामने १२. प्रत्येक सामन्याला एवढी गर्दी झाली, तरी वर्षाचे ३ कोटी ६० लाख. मान्यताप्राप्त स्पर्धेच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, ती एक सोय. पण मैदानाचं भाडं, बंदोबस्त, तिकीट विकणाऱ्या ॲपचं कमिशन हे सगळं यातूनच जातं. आणि आयएसएलमध्ये एका संघाच्या खेळाडूंच्या पगारावरची मर्यादाच काही वर्षं १६.५ कोटी होती. भरलेला स्टँड पगाराचा चौथा हिस्सासुद्धा भागवत नाही.

आमच्या गावात हेच लहान प्रमाणात दिसतं. अंतिम सामन्याच्या रात्री पत्र्याची पेटी टेबलावर उपडी करतो, दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटा सरळ करून रबरबँड लावतो. त्यातून रेफरींचं मानधन, रेषा आखायचा चुना, जनरेटरचं डिझेल आणि बाहेरून आलेल्या संघांची पाव-भाजी सुटते. बक्षिसाची रक्कम कुंपणाला लावलेल्या बॅनरांतून येते: बारवाला, हार्डवेअरवाला, एखादा कंत्राटदार. हा बॅनरवाला मात्र गर्दी बघूनच पैसे देतो, त्यामुळे गेटवरची माणसं महत्त्वाची ठरतात.

आता युरोपातलं बघा. स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबने २०२३-२४ मध्ये १०० कोटी युरोंच्या वर कमाई केली. त्यातले जवळपास २५ कोटी युरो सामन्याच्या दिवसाचे होते. पण ते साध्या खुर्च्यांचे नव्हेत. त्यांच्या नूतनीकरण झालेल्या बर्नाबेऊ स्टेडियममधले व्हीआयपी कक्ष, कंपन्यांनी वर्षभरासाठी घेतलेल्या जागा, तिथलं जेवणखाण यांचा त्यात मोठा भाग आहे.

आता टीव्ही. इथे बहुतेकांचा समज असतो की जास्त लोक पाहतात म्हणून जास्त पैसे मिळतात. माझं मत वेगळं आहे. सामने दाखवायचे हक्क विकत घ्यायला किती जण हटून बसलेत, यावर भाव ठरतो.

इंग्लंडचंच बघा. १९८८ मध्ये आयटीव्ही या फुकट दिसणाऱ्या वाहिनीने पहिल्या श्रेणीच्या हक्कांसाठी ४ वर्षांचे ४.४ कोटी पौंड मोजले. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि करार झाला ५ वर्षांचा, ३०.४ कोटी पौंडांचा. खेळ तोच, क्लब जवळजवळ तेच. फरक एवढाच की तोट्यात चाललेल्या स्काय वाहिनीला दर महिन्याला पैसे भरणारे ग्राहक हवे होते, आणि फुटबॉलसाठी माणूस पैसे भरेल हे तिने ओळखलं. गंमत म्हणजे सामने पैसे भरून बघायच्या वाहिनीवर गेल्यावर थेट सामने बघणाऱ्यांची संख्या घटली, तरी भाव वाढला. आजचा ब्रिटनमधला करार ४ वर्षांचा, ६७० कोटी पौंडांचा आहे. परदेशातले हक्क वेगळे.

हे हक्क एकेका क्लबाने विकायचे नसतात, लीग एकत्र विकते आणि मग वाटणी करते. प्रीमियर लीगमध्ये देशातल्या रकमेचा अर्धा भाग सगळ्यांना सारखा, पाव भाग गुणतक्त्यातल्या स्थानावर, पाव भाग किती सामने थेट दाखवले त्यावर. त्यामुळे २०२३-२४ ला विजेत्या मँचेस्टर सिटीला सुमारे १७.६ कोटी पौंड मिळाले आणि तळाच्या शेफील्ड युनायटेडला सुमारे ११ कोटी. तळाचा संघसुद्धा भक्कम राहतो तो यामुळे. स्पेनमध्ये २०१५ च्या सरकारी आदेशापर्यंत प्रत्येक क्लब आपापले हक्क विकायचा, आणि रेआल माद्रिद, बार्सिलोना मलई खाऊन जायचे.

आपल्याकडे काय अडतं? भारतात क्रीडावाहिनीची वर्गणी फारच स्वस्त, त्यामुळे वाहिनीची भिस्त जाहिरातींवर. क्रिकेटमध्ये षटक संपलं की जाहिरात. फुटबॉलमध्ये ४५ मिनिटांत तसा ठरलेला थांबा नसतो, जाहिरात घालणार कुठे? २०२०-२१ चा आयएसएल हंगाम कोविडमुळे सगळाच्या सगळा आपल्या गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर, प्रेक्षकांविना झाला. टीव्हीपुरती लीग चालवता येते हे तेव्हा दिसलं. पण लीग चालवणारी कंपनी आणि दाखवणारी वाहिनी यांचं घर बरीच वर्षं एकच होतं, त्यामुळे बाजारात खरी बोली लागलीच नाही. शेवटी २०२५ च्या ऑक्टोबरात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने लीगच्या व्यावसायिक हक्कांची निविदा काढली. महासंघाला वर्षाला किमान ३७.५ कोटी हवे होते. बोली एकही आली नाही. तुम्ही पाहिलेल्या गच्च स्टँडचा त्या निविदेवर काडीचा परिणाम झाला नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग पैसे कोण घालतं? मालक. गोव्यात हे जुनंच आहे. धेंपे, साळगावकर या खाणमालक घराण्यांनी क्लब पोसले. धेंपो क्लबने राष्ट्रीय लीग आणि तिच्या जागी आलेली आय-लीग, या देशातल्या तेव्हाच्या वरच्या लीग मिळून पाच वेळा जिंकल्या, आणि त्यात टीव्हीचा पैसा जवळजवळ नव्हता. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, तिजोरीवर ताण आला. आयएसएलला वरची लीग करण्याच्या बेताला विरोध म्हणून २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब हे तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले.

तिकिटांचे दर वाढवून हा खड्डा भरेल असं कोणी सुचवलं तर मी विरोध करीन. दर दुप्पट केले आणि एकही माणूस कमी झाला नाही, तरी वरच्या हिशेबात ३ कोटी ६० लाखांचीच भर पडते. आणि माणसं कमी होणारच. रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर दिसल्या की जर्सीवर नाव घालणारी कंपनीसुद्धा हात आखडता घेते. मालकाच्या खिशाखेरीज आपल्या क्लबांना आज रोख पैसा बहुतांशी अशाच कंपन्यांकडून मिळतो, म्हणून २०० रुपयांत भरलेला स्टँड मला ५०० रुपयांतल्या अर्ध्या स्टँडपेक्षा मोलाचा वाटतो.