प्लॅबचं विचारलंस ना, मग बाँडपासूनच सुरू करूया

तू विचारलंयस की इंटर्नशिप संपत आलीये, नीट पीजीचा वीट आलाय, यूकेला यायचं तर प्लॅबला, म्हणजे बाहेर शिकलेल्या डॉक्टरांना इथे काम करण्यासाठी द्यावी लागणाऱ्या दोन टप्प्यांच्या परीक्षेला, किती महिने लागतील आणि बाँडचे, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या वर्षभराच्या सरकारी नोकरीऐवजीचे, पैसे भरून मोकळी होऊन लगेच अभ्यासाला बसू का. शेवटच्याचं उत्तर आधी, नको बसूस. बाँडचं वर्ष कर. पैशांसाठी म्हणत नाहीये, कारण खाली येईलच.

प्लॅब १ चं फार टेन्शन घेऊ नकोस. १८० प्रश्न, तीन तास, सिंगल बेस्ट आन्सर (पर्यायांतलं सगळ्यात योग्य एकच निवडायचं), सेंटर मुंबईतही असतं. नोकरी करत चार-पाच महिने पुरतात (मला पाच लागले, त्यात एक महिना बहिणीचं लग्न). एक क्वेश्चन बँक घे आणि तीच दोनदा सोडव, पाच ठिकाणी हात घालू नकोस. आपण पाठ करतो रेअर सिंड्रोम, आणि इथे विचारतात समोरच्या पेशंटचं आत्ता काय करशील, ते पण नाइसच्या, म्हणजे उपचारांचे नियम ठरवणाऱ्या इथल्या संस्थेच्या, गाइडलाइनप्रमाणे. म्हणजे बीपीचं घे, वय ५५ च्या आत असेल तर एसीई इनहिबिटर गटातलं औषध, ५५ आणि पुढे अॅम्लोडिपिन, आफ्रिकन किंवा कॅरिबियन वंशाचा असेल तर कुठल्याही वयात अॅम्लोडिपिन, पण टाइप २ डायबेटिस असला की हे सगळं बाजूला आणि थेट एसीई किंवा एआरबी गटातलं औषध. असे प्रश्न. इंग्रजीसाठी ओईटी दे (डॉक्टर-नर्सेससाठीची इंग्रजीची परीक्षा), चारही भागांत बी लागतो. आयईएल्टीएस पण चालते, पण एकूण साडेसात आणि कुठेही सातच्या खाली नको, त्यात रायटिंगमध्ये आपले लोक अर्ध्या गुणाने लटकतात.

खरी गंमत प्लॅब २. मँचेस्टरला यावं लागतं, फी साधारण हजार पाउंड, वर व्हिसा, तिकीट, राहणं, अकॅडमी (कोचिंग क्लास) लावलीस तर तिचे वेगळे. १६ स्टेशन्स, म्हणजे प्रत्येक खोलीत एक वेगळी केस, दाराबाहेर दीड मिनिट वाचायला, आत आठ मिनिटं. पेशंट म्हणजे अॅक्टर, एक्झामिनर कोपऱ्यात गप्प बसून मार्क देतो. आणि तिथे माझी जी फजिती झाली ना सरावात! ओपीडीत दोनशे पेशंट बघितलेली मी, "काय होतंय, कधीपासून, झोपा" हीच माझी भाषा. निदान बरोबर, औषध बरोबर, आणि सरावाची पार्टनर म्हणते नापास, कारण त्या बाईला कशाची भीती वाटतेय ते मी विचारलंच नाही. इथे प्रत्येक स्टेशनला तीन गोष्टींचे मार्क असतात, माहिती काढणं आणि तपासणं, मॅनेजमेंट आणि वागणं-बोलणं. तिसऱ्यात शून्य घेऊन पहिल्या दोनवर निभावत नाही.

शिवाय खास इथलंच असं काही असतं जे आपल्या डोक्यातच येत नाही. पहिल्यांदाच फिट (आकडी) आलेला माणूस, आपण सीटी, ईईजी सगळं सांगतो आणि गाडी चालवतोस का हे विचारत नाही. इथे गाडी बंद करायला सांगायचं आणि डीव्हीएलएला, म्हणजे लायसन्स देणाऱ्या खात्याला, कळवायला सांगायचं. तसंच काय झालं तर परत कधी यायचं हे सांगितल्याशिवाय पेशंटला उठू द्यायचं नाही.

तर बाँड. मी याचा सराव ग्रामीण रुग्णालयात मराठीतूनच केला. रोज दहा पेशंट ठरवायचे आणि त्यांना विचारायचं, तुम्हाला काय वाटतं कशानं होत असेल. एक आजी पोटदुखीला तीनदा येऊन पॅन्टोप्राझोल, म्हणजे अॅसिडिटीची गोळी, घेऊन गेलेल्या, चौथ्यांदा विचारलं तर म्हणाल्या, माझा भाऊ पोटाच्या गाठीनं गेला, मला पण तेच असेल ना. इंग्रजी वाक्यं नंतर दोन महिन्यांत बसतात गं, पण ते विचारून गप्प बसायची सवय बसायला वर्ष लागतं. स्क्रिप्ट घोकून आलेल्यांना अॅक्टर रडायला लागला की पुढचं वाक्य आठवत नाही.

नोकरीचं पण ऐक. मी २०२२ ला पास झाले तेव्हा दीड महिन्यात पोस्ट मिळाली. आता तशीच पोस्ट सकाळी निघते आणि शेकडो अर्ज येऊन संध्याकाळी बंद होते. स्पेशालिटी ट्रेनिंगचं (इथलं पीजी) म्हणशील तर २०२५ ला साधारण तेरा हजार जागांना तीस हजारांवर अर्जदार होते, आणि जुलै २०२५ च्या दहा वर्षांच्या आराखड्यात सरकारने इथल्या ग्रॅज्युएट्सना प्राधान्य द्यायचं म्हटलंय. म्हणून प्लॅब झाली तरी राजीनामा देऊ नकोस, ऑफर हातात आल्यावर बघ. गॅप असलेला सीव्ही कोणी उघडत पण नाही. एमडी करून एमआरसीपी (इथली फिजिशियनची परीक्षा) हा रस्ता पण आहे, नीट पीजीचा अगदीच राग नसेल तर त्याचाही विचार कर.

कागदपत्रांत माझे तीन महिने गेले, फक्त नावामुळे. मार्कशीटवर आडनाव आधी, मधे वडलांचं, पासपोर्टवर उलट, आणि डिग्रीची पडताळणी एपिक नावाच्या ऑनलाइन सेवेतून होते तिथे अक्षर न् अक्षर जुळवतात. आमच्या कॉलेजच्या क्लार्कला तर तो ईमेल स्पॅम वाटला होता. तुझी सगळी सर्टिफिकेट्स आणि पासपोर्ट आज टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बघ, आणि मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंग (तुझ्यावर कारवाई नाही असं सर्टिफिकेट) मात्र आत्ता काढू नकोस, ते तीनच महिने चालतं.