तोच गाऊन, तीच शाळा: पैसे परत मिळतील का?

प्रश्न: आम्ही एडिसनला राहतो. मुलगी बारावीत आहे, मेअखेर तिचा प्रॉम, म्हणजे शाळेचा निरोपाचा नाच-समारंभ. गाऊनसाठी मॉन्टक्लेअरपासून चेरी हिलपर्यंत न्यू जर्सीतली बुटीक पालथी घातली. एका रविवारी पॅरामसला गेलो, तर सगळं बंद! शेवटी फेब्रुवारीत एका बुटीकमध्ये 620 डॉलरचा गाऊन क्रेडिट कार्डावर घेतला. "तुमच्या शाळेतल्या दुसऱ्या मुलीला हा विकणार नाही," असं मालकीण म्हणाली आणि ऑर्डर फॉर्मवर शाळेचं नाव लिहून घेतलं. गाऊन गेल्या आठवड्यात हातात आला. परवा वर्गातल्याच एका मुलीने इन्स्टाग्रामवर तोच गाऊन टाकला, रंगही तोच. दुकानात फोन केला तर उत्तर एकच, 'ऑल सेल्स फायनल', म्हणजे विकलेला माल परत घेत नाही. मुलगी रडून बेजार आहे. शनिवारी गाऊन उंचीला कमी करायला द्यायचा आहे. काय करू?

उत्तर: ताई, शनिवारची अपॉइंटमेंट आधी रद्द करा. गाऊनला कात्री लागली की तुमची निम्मी केस गेली. का, ते पुढे येईलच. टॅगही काढू नका.

मग एक चौकशी. त्या मुलीने गाऊन कुठून घेतला? एकाच डिझायनरचा गाऊन राज्यात बऱ्याच दुकानांत असतो, ऑनलाइनही मिळतो. शाळेच्या नावाने नोंद ठेवायची पद्धत प्रॉमचे कपडे विकणाऱ्यांत रूढ आहे, पण ती नोंद त्या एका दुकानापुरती. तिने दुसरीकडून घेतला असेल तर तुमच्या दुकानाने शब्द मोडलेला नाही आणि विषय तिथेच संपला. मुलीलाच सहज विचारू द्या. तुम्ही तिच्या आईला फोन करू नका, गावभर होईल.

समजा, त्याच दुकानातून घेतलाय. आता ती 'फायनल'वाली पाटी. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे परतीचे नियम गिऱ्हाइकाला दिसतील असे लावावे लागतात: वस्तूवर, गल्ल्यावर, गल्ल्याशी उभं राहून दिसेल अशा जागी किंवा दारात. नुसतं पावतीच्या मागे छापून भागत नाही. पाटी नसेल तर न वापरलेली वस्तू परत देऊन पैसे किंवा क्रेडिट, तुम्हाला हवं ते मागता येतं. पण मुदत खरेदीपासून 20 दिवसांची. तुम्ही पैसे फेब्रुवारीत भरलेत, तेव्हा ही वाट बंद झाली असं धरूनच चाला. (पॅरामसचं म्हणाल तर ते बर्गन काउंटीत येतं, आणि तिथे रविवारी कपडे विकायला कायद्यानेच बंदी आहे.)

तरीही 'फायनल' या शब्दाला दबून जायचं कारण नाही. मन बदललं म्हणून गाऊन परत घेणार नाही, एवढंच ती पाटी सांगू शकते. दुकानाने स्वतः दिलेला शब्द तिच्यामुळे पुसला जात नाही. 500 डॉलर किंवा त्यावरच्या विक्रीचा करार लेखी लागतो, हा आक्षेपही फारसा चालणार नाही, कारण पैसे दिले गेलेत आणि माल मिळालाय. खरी अडचण फॉर्मवरच्या बारीक अक्षरांची आहे. 'आपला सगळा करार या कागदातच आहे' असं वाक्य तिथे असेल, तर तोंडी वचन पुढे आणणं अवघड जातं. अशा वेळी फॉर्मवर लिहिलेलं शाळेचं नाव कामाला येतं. गाऊन शिवायला शाळेचं नाव कशाला लागतं? लेखी कराराचा अर्थ लावताना त्या धंद्यातली रूढ पद्धत विचारात घेता येते, हे इथल्या युनिफॉर्म कमर्शियल कोडमध्येच (मालाच्या खरेदी-विक्रीच्या कायद्यात) आहे.

त्याच कोडमध्ये स्वीकारलेला माल नंतर नाकारायची सोय आहे. माल ठरल्याप्रमाणे नसेल आणि त्यामुळे त्याची किंमत 'त्या खरेदीदाराच्या दृष्टीने' बरीच घटली असेल, तर वाजवी वेळेत कळवून पैसे परत मागता येतात. अट अशी की मधल्या काळात मालात मोठा फरक पडलेला नसावा. म्हणून ती कात्री थांबवायची. समोरचा वकील म्हणेल, गाऊनमध्ये दोष कुठे आहे? हा मुद्दा पोकळ नाही, आणि निकाल नक्की तुमच्याच बाजूने लागेल असं मी म्हणणार नाही. पण पत्र पाठवण्याइतकी तुमची बाजू भक्कम आहे.

आपल्या मंडळींना 'तिप्पट नुकसानभरपाई' हे शब्द फार आवडतात. कन्झ्युमर फ्रॉड ॲक्टमध्ये (ग्राहकांच्या फसवणुकीविरुद्धच्या कायद्यात) ती तरतूद आहे, पण नुसता करार मोडल्याने ती लागू होत नाही आणि मोजता येईल असं नुकसान दाखवावं लागतं. दुकानात अशी नोंदवहीच नाही आणि प्रत्येकीला हीच थाप मारतात असं निघालं, तर गोष्ट वेगळी. मुलीच्या रडण्याचे पैसे मात्र अशा करारात मिळत नाहीत.

आजच ईमेल करा, फोन नको. ऑर्डर फॉर्मचा फोटो आणि इन्स्टाग्रामचा स्क्रीनशॉट जोडा, गाऊन न घातलेला आणि न कापलेला आहे हे लिहा, आणि पाच दिवसांत एक तर पूर्ण पैसे किंवा दुकानात तयार असलेला दुसरा गाऊन मागा. नवी ऑर्डर नको, ती प्रॉमच्या आत येणार नाही. कार्डाची रक्कम पूर्ण फेडलेली नसेल, तर दुकानाशी मिटवायचा प्रयत्न केल्यावर उरलेली रक्कम बँकेकडे अडवून धरता येते; त्यासाठी खरेदी 50 डॉलरच्या वरची आणि तुमच्याच राज्यातली किंवा घरापासून 100 मैलांच्या आतली लागते, ती आहे. फेडली असेल तर हा हक्क उरत नाही, तरी बँकेच्या स्वतःच्या तक्रार-मुदतीची चौकशी करा. शेवटी स्मॉल क्लेम्स कोर्ट आहेच: 5,000 डॉलरपर्यंतचे दावे, वकिलाची गरज नाही. दावा तुमच्या नावाने करा, पैसे तुम्ही भरलेत आणि मुलगी अठराची नसेल.

आणि हो, मुलीला एकदा विचारा. "असू दे, मी हाच घालते" असं ती म्हणाली, तर पैसे परत मागायचा प्रश्नच उरत नाही; घालून परत करणं हा तर सरळ खोटेपणा होईल. अशा वेळी दुकानाकडे ऑल्टरेशन फुकट मागा. माझा अंदाज, ते देतील.