घर विकतोय. खरेदीदार तपासणी करून घेणार आहे, तेव्हा नेमकं काय होतं?

तपासणीला साधारण २ ते ४ तास लागतात, घर मोठं असेल तर जास्त. तपासनीस भिंती फोडत नाही. जे दिसतं, उघडतं, चालू करता येतं तेच बघतो: छप्पर, वायरिंग, नळ, पाण्याचा निचरा, दारं-खिडक्या. म्हणून वीज-पाणी चालू ठेवा आणि विजेचा बोर्ड, माळा, गीझर यांच्यापुढचं सामान हलवा. हात पोहोचला नाही तर अहवालात ‘तपासता आलं नाही’ असं लिहिलं जातं आणि खरेदीदाराला उगाच शंका येते.

ओल मात्र कृपा करून लपवू नका. नवा रंग मारलेल्या भिंतीला ओलावा मोजायचं यंत्र टेकवलं की आकडा वर चढतो, आणि मग अख्ख्या घराकडेच संशयाने बघितलं जातं. गळती कधी झाली, काय दुरुस्ती केली, हे पावत्यांसकट आधीच सांगा.

अहवाल लांबलचक येणार, चांगल्या घराचाही येतो. सैल बिजागरी, ठिबकणारा नळ, सगळं त्यात असतं. मन लावून वाचायचं ते पाया, छप्पर, वीज आणि पाणी यांबद्दलचं. त्यावरूनच खरेदीदार दुरुस्ती मागेल, किंमत कमी करायला सांगेल किंवा करारात सोय असेल तर माघार घेईल. माझं मत विचाराल तर किंमत कमी करणं बरं. घाईत उरकलेल्या दुरुस्तीवरून पुन्हा वाद होतात.

आणि तपासणीच्या वेळेपुरतं घराबाहेर थांबा, म्हणजे खरेदीदार आणि तपासनीस यांना मोकळेपणी बोलता येतं.