सशस्त्र संघर्षात स्त्रिया राजकीय हिंसेकडे का वळतात?

बहुतेक स्त्रिया पुरुषांसारख्याच राजकीय कारणांनी, म्हणजे अन्याय, विचारनिष्ठा आणि आप्तांची हत्या यांमुळे, हिंसेकडे वळतात; मात्र अत्याचाराची भीती, लादलेले लग्न आणि घरातले दुय्यम स्थान ही कारणे त्यांच्या बाबतीत अधिकची असतात. धुळ्यात इतिहास शिकवताना मी नेपाळचे उदाहरण देतो: तेथील माओवादी युद्धानंतर 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पडताळणीत 19,602 माओवादी सैनिकांची नोंद झाली, त्यांत 3,846 स्त्रिया होत्या. सुमारे एक पंचमांश असलेल्या या संख्येला केवळ भावनेचा उद्रेक म्हणता येणार नाही. जमीन, जात आणि मुलींचा वारसाहक्क हे प्रश्न त्या चळवळीने उघडपणे मांडले होते, आणि गावात ज्यांना कोणी विचारत नव्हते त्यांना तिथे जबाबदारीची कामे मिळत होती. घरातले नातेही महत्त्वाचे ठरते, कारण गुप्त संघटना विश्वासातल्या माणसांतूनच वाढते. तरीही ‘नवऱ्यामागे गेली’ हे स्पष्टीकरण मला अन्यायकारक वाटते. आपल्या खानदेशात 1942 च्या आंदोलनात उतरलेल्या अमळनेरच्या लीलाताई पाटील यांची ओळख डॉ. उत्तमराव पाटील यांच्या पत्नी एवढीच करून देणे म्हणजे त्यांचा स्वतःचा निर्णय पुसून टाकणे होय. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी: सहभाग नेहमीच स्वेच्छेचा नसतो. श्रीलंकेत ‘तमिळ वाघ’ (एलटीटीई) या बंडखोर संघटनेने अल्पवयीन मुलींचीही सक्तीने भरती केली होती, त्यामुळे प्रत्येक संघर्षात निवड किती आणि सक्ती किती हे वेगवेगळे तपासावे लागते.